आजोबांचा १९५१चा लोडमास्टर, माझा पहिलाच प्रकल्प (आणि सीटखाली सापडलेली एक काठी)

लोडमास्टर_नात
नमस्कार. दोन वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. वय १६. आजोबांचा शेतावरचा ट्रक आता माझा झालाय. म्हणजे काका म्हणाले, "भंगारात द्यायचा नसेल तर तूच बघ काय करायचं ते," आणि मी हो म्हणून बसले.

शेव्हर्ले लोडमास्टर, १९५१, दोन टनी, ६४०० मालिका. सहा सिलिंडरचं २३५ घनइंची पेट्रोल इंजिन. पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी. मागे जोडचाकं, लाकडी हौदा. शेडमध्ये १९ वर्षं एकाच जागी उभा. केबिनचा तळ दोन ठिकाणी कुजलाय, सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्यात. इंजिन जाम आहे. पुलीवर पाना लावून जोर दिला, जराही हललं नाही.

माझा बेत असा: आधी इंजिन चालू करायचं, मग सगळं सुटं करून चेसिसपर्यंत जायचं, मग रंग. निळा ठरलाय. सुट्टी दोन महिन्यांची. आईची एकच अट आहे, घरी कुणी नसताना गाडीखाली जायचं नाही.

आणखी एक. सीटखाली हातभर लांबीची काठी सापडली. टणक लाकूड, एका टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच, दुसरं टोक झिजून गुळगुळीत. सरपणात टाकणार होते, पण खाच मुद्दाम पाडलेली दिसते. कुणाला काही कल्पना?

पाना_हरवला
स्वागत! उंदरांना मारायला असेल.

तेरा_मिमी
तुझा बेत बदल. रंग शेवटी हे बरोबर, पण "सगळं सुटं करून" हे वाक्य खोडून टाक. पहिलाच ट्रक, दोन महिने आणि एकच शेड. ज्यांनी उत्साहात चेसिसपर्यंत गाडी उघडली त्यांच्यापैकी निम्म्यांकडे आज खोक्यांमध्ये भरलेली गाडी आहे. मी त्या निम्म्यांतला. माझ्या खोक्यांना ११ वर्षं झाली. खोकी विकायला निघालं की कुणी विचारतही नाही.

एका वेळी एकच भाग. सोडवायच्या आधी फोटो, सोडवताना फोटो, प्रत्येक जोडणीचे बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलीनं लिही, तेल लागलं की शाई पसरते. जमेल तिथे बोल्ट त्याच भोकात परत हातानं फिरवून ठेव, पिशवीपेक्षा ती जागा खात्रीची.

हळू_चालवा
मुली, एक साधा प्रश्न. गाडी न्यूट्रलला आहे ना?

लोडमास्टर_नात
काका, आत्ताच शेडमध्ये जाऊन आले. सांगायला लाज वाटते. पहिल्या गिअरमध्ये होती. न्यूट्रल केली, प्लग काढले, पाना लावला आणि पुली पाव वळसा फिरली! मी तीन दिवस इंजिन नाही, अख्खा ट्रक फिरवायचा प्रयत्न करत होते.

हळू_चालवा
लाज कसली. तुझ्या आजोबांनी बरोबरच केलं होतं, हातब्रेकवर भरवसा न ठेवता गिअरमध्ये उभी केली. आमच्या पिढीत सगळे तसंच करायचे.

आता थांब, फिरवत सुटू नकोस. प्रत्येक प्लगच्या भोकातून दोन चमचे पातळ तेल सोड, रात्रभर राहू दे. वरचं झाकण काढून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे बारीक दांडे) सगळे सरळ आहेत का बघ. १९ वर्षांत एखादा व्हॉल्व्ह चिकटलेला असतो, जोर लावला की रॉड वाकतो. मग हातानंच दोन पूर्ण वळसे. सेल्फ इतक्यात अजिबात नाही.

वायसर
+१. आणि चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरव. तू तसंही उतरवणारच, पण तेल भरायच्या आधी उतरव.

कारण सांगतो. या काळातल्या शेव्हर्लेच्या ट्रक इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेरिंगांना दाबानं तेल जात नाही. चेंबरमध्ये तेलाची पन्हाळी असतात, रॉडच्या टोपीला खाली छोटी पळी असते, ती प्रत्येक फेरीत तेलात बुडते आणि तेल उचलते. बेरिंगही आजच्यासारखी पातळ बदलायची नाहीत, बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू थेट रॉडमध्ये ओतलेला. दाबानं तेल पोचवणारी २३५ ट्रकमध्ये १९५४ला आली. १९ वर्षांचा गाळ त्या पन्हाळींत बसला असेल तर इंजिन छान चालू होईल आणि थोड्या वेळात रॉड ठोके द्यायला लागेल.

इंजिन मूळचंच आहे का तेही बघून घे. ब्लॉकवर ओतीव अक्षरांत तारीख असते. पहिलं अक्षर महिना (ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं), मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा.

लोडमास्टर_नात
तारेच्या ब्रशनं घासलं. "ई २२ १". म्हणजे २२ मे १९५१!! आणि चेंबरमध्ये दोन बोटं जाड काळं लोणी. पळ्या दिसल्या, सहाच्या सहा. खरवडून रॉकेलनं धुतलं. एका पन्हाळीत मेलेली गांधीलमाशी होती.

आता पेट्रोल घालून सेल्फ मारू का?

चौथा_गिअर
थांब. सुरू करायची घाई सगळ्यांनाच असते, मला दर वेळी असते. पण सुरू झालेली गाडी थांबवणार कशी? बोनेटखालची मजा बाजूला ठेव आणि चाकांकडे चल. हा प्रतिसाद लांबेल.

आधी टायर. त्यांत हवा भरू नकोस. खाली बसलेली दिसत असली, हाताशी कॉम्प्रेसर असला तरी नाही.

तुझ्या ट्रकचं रिम कारसारखं एकसंध नाही. तळाचं रिम वेगळं, त्यावर बाजूची कडी, आणि बहुतेकदा ती कडी धरून ठेवणारी आणखी एक फटीची कडी. टायर बसवायला सोपं जावं म्हणून ही रचना. कडी खाचेत अडकलेली असते आणि तिला तिथे दाबून धरतो तो टायरच. ७० पौंड हवा म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर ७० पौंड. टायरच्या कुशीचं क्षेत्रफळ काही शे चौरस इंच असतं, म्हणजे हजारो पौंडांचा रेटा. खाचेत गंज धरला असेल, कडी जरा वाकलेली असेल, तर तो सगळा रेटा कडीला बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकतो. समोर डोकं असलं तर ते उरत नाही. मी वाढवून सांगत नाही. हे काम रोज करणारी माणसं यात गेली आहेत, आणि त्यामुळेच अमेरिकेत १९८०मध्ये अशा चाकांसाठी वेगळा सुरक्षा नियम करावा लागला. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, माणूस कडीच्या उड्डाणाच्या रेषेबाहेर, नळी लांब आणि हातात न धरता चिमट्यानं लावलेली. शिफारशीच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेलं टायर तसंच फुगवायचं नाही, आधी उतरवून, सुटं करून तपासायचं, हेही त्या नियमात आहे. तुझी तर १९ वर्षं बसलेली आहेत.

चाक काढायचं असेल तर नटला हात लावायच्या आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोड. जोडचाकांत दोन्ही टायरांची. आतल्या चाकाचं रिम तडकलेलं असेल तर बाहेरचा नट सैल होताच ते सुटतं. पिन काढल्यावर भोकात तार घालून बघ, मातीनं बुजलेलं असू शकतं. आणि डाव्या बाजूच्या स्टडवर "एल" कोरलेलं दिसलं तर तिथले आटे उलटे आहेत. तिथे जोर वाढवत गेलीस तर नट आणखी आवळशील.

उतरवलेली चाकं अवजड वाहनांच्या टायरवाल्याकडे ने, ज्याच्याकडे पिंजरा आहे त्याच्याकडेच. रिम दोन अर्ध्या भागांचं निघालं, ज्याचा सांधा टायरच्या आत दडलेला असतो, तर दुरुस्तीचा विचारही नको, रिमच बदल. अशा रिमला बरेच टायरवाले हातच लावत नाहीत, आणि ते शहाणपणाचं आहे.

पाना_हरवला
वाचनखूण साठवली. माझी उंदरांची कोटी मागे घेतो, इथे गंभीर काम चाललंय.

गंजफ्रॉक
ब्रेकबद्दल मी लिहिते.

या ट्रकचा ब्रेक एकाच सर्किटचा. एका चाकाचं सिलिंडर गळलं की चारही ब्रेक गेले. त्यामुळे "तीन बरे आहेत, चौथा नंतर बघू" असं इथे चालत नाही. सगळी व्हील सिलिंडरं, मास्टर सिलिंडर, रबरी नळ्या आणि पोलादी पाइप बदलायचेच असं धरून चाल. सिलिंडराच्या आत नख फिरव, खड्डा लागला तर नवं किंवा आत बाही बसवून घेतलेलं. पाइप साध्या तांब्याचे कुणी देऊ केले तर घेऊ नकोस, सततच्या थरथरीनं तांबं कडक होऊन चिरतं. तांबं-निकेलचे चालतात, वाकवायलाही सोपे.

चेसिसला तिरका अडकवलेला मोठा डबा दिसतो तो हायड्रोव्हॅक, इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाची ताकद वाढवणारा. इंजिन बंद असेल तर पेडल दगडासारखं लागतं, त्यात बिघाड समजू नकोस. पण बाहेर कुठे गळती नाही, तरी ब्रेक ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, असं झालं तर हायड्रोव्हॅकची आतली सील गेली. ऑइल थेट इंजिनात ओढलं जातंय. तो स्वतः उघडू नकोस, आत दणकट स्प्रिंग असते. जाणकाराकडे दे.

ड्रम उघडलास की आत पिठासारखी धूळ असेल. हवा मारून उडवायची नाही. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पाणी फवारून ओलं कर, फडक्यानं पूस, फडकं पिशवीत बांधून टाक. मास्क हवाच. जुना रंग घासतानाही तेच, त्यात शिसं असायची दाट शक्यता. कोरडा घासू नकोस.

आणि जॅक. शेडची जमीन मातीची असेल तर खाली जाड रुंद फळी, वर वजनाला पुरेशी घोडी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. विटा नाहीत, सिमेंटचे पोकळ ठोकळे तर मुळीच नाहीत. ते आधी करकरत नाहीत, एकदम फुटतात. तुझ्या आईच्या अटीला माझं अनुमोदन.

लोडमास्टर_नात
गंजफ्रॉकताई, चौथा_गिअरकाका, तुमचे प्रतिसाद छापून शेडच्या दारावर लावलेत. आईनं कडीचा परिच्छेद दोनदा वाचला आणि कॉम्प्रेसर घरात आणून ठेवला.

म्हणजे अख्खा पहिला महिना ब्रेक? इंजिनला हातच नाही?

तेरा_मिमी
कंटाळा येईल म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ इंजिनची ठेव. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ कर, त्यांची फट ०.०१६ ते ०.०२० इंचात बसव, कंडेन्सर नवा टाक. कार्बोरेटर उघडून धू. टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच आहे ना? तिच्यातलं जुनं पेट्रोल काढ आणि टाकी बाहेर ने. सध्या इंजिनला छोट्या बाटलीतून पेट्रोल दे. रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीही नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, आत नुसती वाफ असते.

रविवारचा_मेकॅनिक
६ व्होल्ट काढून १२ व्होल्ट करून टाक, सगळी कटकट संपेल.

वायसर
कशाला? ६ व्होल्टची बदनामी लोकांनी बारीक वायरी वापरून केली आहे. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट. दुकानातली १२ व्होल्टची बॅटरी-केबल लावली की सेल्फ रडतो आणि दोष बॅटरीला. जाड केबल घे, दोन शून्यांच्या (००) मापाची, आणि अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घास. ७० वर्षांपूर्वी ६ व्होल्टवर थंडीत हेच ट्रक सुरू व्हायचे.

रविवारचा_मेकॅनिक
तुम्ही दर धाग्यावर हेच लिहिता.

वायसर
कारण तुम्ही दर धाग्यावर तेच लिहिता.

लोडमास्टर_नात
(पाच आठवड्यांनी)
आहे, पळाले नाही.

ब्रेक पूर्ण झाले. सहाही चाकं टायरवाल्याकडे गेली, दोन कड्या त्यानं बाजूला काढल्या. खाच अर्धी गंजून गेली होती, नखानं पापुद्रे निघत होते. त्या मी घरी आणल्यात. बघितल्या की पोटात गोळा येतो, कारण इथे यायच्या आदल्याच दिवशी मी त्या चाकात हवा भरायला नळी लावली होती. नळीचं तोंड बसलं नाही म्हणून राहिलं.

डावीकडचे नट उलटेच होते. पहिला मी दहा मिनिटं आवळला.

आणि परवा संध्याकाळी तो सुरू झाला! दुसऱ्याच प्रयत्नात. आधी सायलेन्सरमधून उंदरांचं घरटं बाहेर आलं (पाना_हरवला, तुमच्यासाठी फोटो काढलाय). पण दोन काळज्या आहेत. एक, ऑइलचा काटा जेमतेम १४ पौंडांवर. काकांच्या नव्या गाडीत ४०-५० असतो. मी घाबरून बंद केला. दोन, क्लच दाबूनही गिअर पडत नाही, नुसतं करकरतं. बंद असताना गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारला तर ट्रक पुढे उडी मारतो.

वायसर
काट्याची पट्टी बघ, ३०लाच संपते. या इंजिनाला १४ म्हणजे तब्येत उत्तम. रॉडला दाबानं तेल जातच नाही, मग दाब दाखवणार कुठला. गरम झाल्यावर आयडलला आणखी खाली जाईल, तेव्हाही घाबरू नकोस. फक्त हे इंजिन पळवायचं नाही. ते ओझं ओढायला केलंय.

तेरा_मिमी
दुसरं सोपं आहे. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली.

रविवारचा_मेकॅनिक
ट्रॅक्टरनं ओढा, गिअरमध्ये टाकून एक हिसका द्या. सुटेल.

चौथा_गिअर
हिसका नको. १९ वर्षांचा गिअरबॉक्स आणि १६ वर्षांचं पोर, दोघांनाही नको.

हळू_चालवा
मी आज धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. मुली, ती काठी टाकली नाहीस ना?

तिची खाच सीटच्या लोखंडी चौकटीच्या कडेला लावून बघ. गुळगुळीत टोक क्लचच्या पेडलवर येतं का?

लोडमास्टर_नात
येतं.

बरोब्बर येतं काका. चौकटीच्या कडेवर खाचेएवढ्याच रुंदीत रंग घासून पत्रा चमकतोय. आधीही दिसला होता, मला वाटलं बुटाचा घासा.

हळू_चालवा
हंगाम संपला की ट्रक महिनोन्‌महिने उभा. दमट हवेत प्लेट चिकटू नये म्हणून पेडल दाबून काठी अडकवून ठेवायची. आमच्याकडे काठीऐवजी बांबू होता. पेडल तळापर्यंत नाही, प्लेट मोकळी होईल इतकंच. तुझ्या आजोबांनी काठी त्याच मापानं कापली असणार.

आता तीच लाव. आठवडाभर तशीच राहू दे, मधूनमधून काढून पेडल चारदा मार. तेवढ्यानं सुटली नाही तर मोकळ्या शेतात ने. इंजिन चांगलं गरम कर, बंद कर, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबून सेल्फ. ट्रक चालायला लागेल. मग क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दे-सोड, दे-सोड, आणि त्यातच ब्रेक दाब. पुढे शंभरेक पावलं मोकळी हवीत आणि इग्निशनच्या चावीवर हात हवा. शेजारी मोठं माणूस बसव. ब्रेक आधी केलेस म्हणून हे सांगतोय, नाहीतर सांगितलं नसतं.

गंजफ्रॉक
एक शंका. मग आजोबांनी शेवटच्या वेळी काठी का लावली नाही?

लोडमास्टर_नात
मीही काकांना हेच विचारलं. ते म्हणाले, पुढच्याच आठवड्यात बाहेर काढायचा होता.

लोडमास्टर_नात
(नऊ दिवसांनी)
सुटला!

काठीनं आठ दिवसांत काही झालं नाही. मग काल काकांना शेजारी बसवून शेतात नेलं. तिसऱ्या वेळी ब्रेक दाबला तेव्हा खालून "टक्" असा आवाज आला, हौद्यात कुणी दगड टाकावा तसा. ट्रक थांबला आणि इंजिन चालूच राहिलं. मला कळायला दोन सेकंद लागले. काका दरवाजा धरून बसले होते, त्यांना मीच सांगितलं की झालं.

मग शेताला चार फेऱ्या. दुसरा, तिसरा, चौथा गिअर सुरेख पडतात, पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअरचे वेग जुळवणारी रचना) नाही म्हणून पूर्ण थांबून टाकते. स्टिअरिंग फिरवून खांदे भरून आलेत. ब्रेक चांगला धरतो, फक्त डावीकडे किंचित ओढतो, ते उद्या ॲडजस्ट करीन.

केबिनचा तळ तसाच कुजका आहे, चालवताना खाली गवत दिसतं. रंगाचं नाव काढलं नाही. सुट्टी रविवारी संपते.

तेरा_मिमी
दोन महिन्यांत चालणारा आणि थांबणारा ट्रक. माझी खोकी तुला नमस्कार सांगतात. तळाचा पत्रा पुढच्या सुट्टीत, एका वेळी एकच बाजू काप. दोन्ही एकदम कापलीस तर केबिन पसरते आणि दारं लागत नाहीत.

पाना_हरवला
फोटो मिळाला. घरट्यात माझ्या वर्णनाचं कुणी दिसत नाही, तरी आभार.

लोडमास्टर_नात
आज शेडमध्ये परत लावला. चाकांखाली फळ्या, बॅटरी काढून घरी, रेडिएटरमध्ये नवं कूलंट, सायलेन्सरच्या तोंडाला जाळी (उंदीर). काठी लावली. स्टिअरिंगला पुठ्ठा बांधलाय: "सेल्फ मारण्याआधी काठी काढा." पुढच्या आठवड्यात यायचं ठरलंय, तरी लावली.

हळू_चालवा
न्यूट्रलला आहे ना?

लोडमास्टर_नात
नाही काका. पहिल्या गिअरमध्ये. तेही पुठ्ठ्यावर लिहिलंय.